डिस्चार्जच्या कागदानंतर

दुसरी-तिसरीतलं मूल अक्षर वाईट आहे म्हणून माझ्याकडे आलं, की वही उघडायच्या आधी मी आईला विचारते, "हा किती आठवड्यांचा झाला होता?" बहुतेक आया गोंधळतात. शाळेनं चिठ्ठी दिलीय हस्ताक्षरासाठी, आणि ही बाई सात वर्षांपूर्वीचं बाळंतपण कशाला उकरून काढतेय? मग थोड्या वेळानं उत्तर येतं, "एकोणतीस. पण ते सगळं तेव्हाच निभावलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, नॉर्मल आहे."

मी बहारीनमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मनामातल्या एका खासगी दवाखान्यात मुलांचं काम बघते. माझ्याकडे येणाऱ्यांत बहारिनी कुटुंबं असतात, मल्याळी, पाकिस्तानी, फिलिपिनो असतात आणि मराठीही बरीच असतात. एनआयसीयूमधून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, सुखरूप घरी गेलेली बाळं पुढे वर्षानुवर्षं कशी वाढतात, हे बघणं माझ्या वाट्याला आलं, आणि आता या कामाइतकं जवळचं मला दुसरं काही वाटत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी 'नॉर्मल' म्हणणारे डॉक्टर खोटं बोलत नसतात. बाळ स्वतःचा श्वास स्वतः घेतंय, दूध पितंय, वजन धरतंय, डोक्याच्या सोनोग्राफीत रक्तस्राव दिसलेला नाही, एवढं त्या दिवशी कळतं आणि तेवढं त्या कागदावर लिहिलेलं असतं. सातव्या वर्षी काय होईल ते त्या दिवशी कुणालाच कळण्यासारखं नसतं. अडचण अशी की तो कागद आईबाप शेवटचा निकाल म्हणून जपून ठेवतात आणि कपाटात बंद करून टाकतात. इतक्या रात्री काचेच्या पेटीबाहेर उभं राहून काढल्यावर कुणालाही तसंच वाटेल.

तिसरीतल्या एका मुलाची वही मला अजून डोळ्यांसमोर दिसते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेला, वजन किलोच्या थोडं वर. वडील एका कंत्राटदार कंपनीत इंजिनिअर, आई घरीच. शाळेची तक्रार : गणितात कच्चा, लक्ष देत नाही. मी त्याला तोंडी विचारलं, सत्तेचाळीस आणि अडतीस किती? त्यानं डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाला, "पंच्याऐंशी." मग तीच बेरीज कागदावर मांडायला सांगितली. वर ४७ लिहिलं. खाली ३८ लिहिताना हात डावीकडे सरकला आणि आठ आला चारच्या खाली. सातच्या खाली काहीच नाही, तर सात. चार आणि आठ बारा, दोन लिहिले, हातचा एक. तीन आणि एक चार. उत्तर ४२७. ज्या मांडणीत त्यानं ती बेरीज केली, त्या मांडणीत ती अगदी बिनचूक होती. हातचासुद्धा विसरला नव्हता. वहीत मात्र पानापानावर लाल फुल्या, आणि एका पानाखाली शेरा : निष्काळजीपणा.

त्याला येत होतं. डोळ्यांनी जागा हेरणं, हाताला ती जागा सांगणं, आणि हे चालू असताना पुढची पायरी डोक्यात धरून ठेवणं, या तिन्ही गोष्टी एका वेळी करताना त्याची दमछाक होत होती. आम्ही चौकटीची वही आणली, एककाच्या रांगेला हिरवी रेघ मारली आणि एका चौकटीत एकच अंक असा नियम केला. शाळेनंही समजून घेतलं, फळ्यावरून उतरवून घ्यायचं काम कमी केलं. सहामाहीत तो पहिल्या दहांत वगैरे आला नाही. त्याच्या वहीतल्या फुल्या कमी झाल्या आणि सकाळी शाळेत जाताना पोट दुखणं थांबलं. त्याच्या आईला यातलं दुसरं जास्त मोलाचं वाटलं, आणि मलाही.

हे असं का होतं, ते आईबापांना मी शक्य तितक्या सरळ सांगते. पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूची फार मोठी वाढ होते. सपाट पृष्ठभागाला वळ्या पडतात, एका भागाचे धागे दुसऱ्या भागापर्यंत पोहोचतात. ३४ आठवड्यांच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतं. लवकर जन्मलेल्या बाळाची ही वाढ पोटाबाहेर, दिव्यांच्या उजेडात, मशीनच्या आवाजात आणि सुयांच्या टोचण्यांत व्हावी लागते. इजा मोठी असेल तर ती लवकर दिसते. पायांकडे जाणारे धागे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना अगदी लागून जातात, त्यामुळे तिथे धक्का बसला की आधी पाय ताठ होतात, टाचा टेकत नाहीत, मूल चवड्यांवर चालतं. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पहिल्या महिन्यातच व्हावी लागते, कारण आरओपीमध्ये, म्हणजे लवकर जन्मलेल्या बाळांच्या पडद्याच्या आजारात, लेसरची वेळ काही दिवसांतच निघून जाऊ शकते. ऐकण्याची तपासणीही तशीच. या गोष्टींची भीती सगळ्यांना माहीत असते आणि पहिली दोन वर्षं घर डोळ्यांत तेल घालून बघतं. मूल चाललं, बोललं, की सुटल्यासारखं वाटतं.

लिहिणं, फळ्यावरून उतरवणं, गणित मांडणं, एका दमात तीन सूचना लक्षात ठेवणं या अडचणी शाळा ते मागू लागल्याशिवाय दिसतच नाहीत. दोन वर्षांच्या मुलाकडून कुणी हातच्याची बेरीज मागत नाही. शिवाय ही मुलं बहुधा दंगेखोर नसतात. वर्ग डोक्यावर घेणारं मूल आठवड्याभरात समुपदेशकाकडे पोहोचतं. ही शांत असतात, बुजरी असतात, चटकन धास्तावतात, खिडकीशी बसून हरवतात. बाईंची तक्रार येत नाही, म्हणून कुणी बघत नाही.

सगळ्यांचं असं होतं का? नाही. लवकर जन्मणाऱ्यांत बहुसंख्य बाळं ३२ ते ३६ आठवड्यांमधली असतात आणि त्यांतली बहुतेक छान वाढतात. आठवडे जसे कमी, तशी जोखीम जास्त. आपल्याकडे अजून ऐकू येतं की सातव्या महिन्यातलं जगतं आणि आठव्यातलं जगत नाही. हे साफ चूक आहे, पोटातला एकेक आठवडा बाळाच्या पदरात पडत असतो. तरी एक आजी मला हे ठासून सांगत होत्या, कारण त्यांचा धाकटा भाऊ आठव्यात जन्मून गेला होता. त्यांच्याशी मी वाद घातला नाही. त्यांच्या नातवाचे आठवडे मात्र मोजून दाखवले.

आठवडे मोजणं हेच पहिल्या दोन वर्षांतलं आमचं मोठं काम. आजी बाळंतपणासाठी व्हिजिट व्हिसावर येते, बॅगेत डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, बाळगुटीची पुरचुंडी, आणि बाळ पेटीत. पुढे घरी आल्यावर इमारतीतल्या इतर बाळांशी तुलना सुरू होते. "समोरच्यांचं पाच महिन्यांचं पालथं पडतंय, आपलं अजून मान सावरत नाही हो, ताई." मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून डॉक्टरांनी बाळंतपणाच्या दिलेल्या तारखेपासून मोजायला लावते. अडीच महिने आधी आलाय, म्हणजे आज तो पाचाचा नाही, अडीचचाच धरायचा. हे एकदा पटलं की आज्यांइतका चोख हिशेब दुसरं कुणी ठेवत नाही. गुटी नको, नाकात तेल नको, एवढं मात्र मला परत परत सांगावं लागतं. अंगाला हलक्या हाताने मालिश, बाळाला छातीशी कातडीला कातडी लावून धरणं, हे जरूर. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एदगार रे सानाब्रिया यांनी पेट्या कमी पडतात म्हणून आयांच्या छातीशी बाळं बांधायला सुरुवात केली, आणि आज जगभर तो उपचार मानला जातो, हे सांगितलं की आज्यांना फार आनंद होतो.

एक अडचण इथली, आखातातली. बहारीनमध्ये निम्म्याहून जास्त माणसं बाहेरची. कुटुंबाचं इथलं राहणं वडिलांच्या नोकरीवर टांगलेलं. बाळ एका रुग्णालयात जन्मतं, विम्याची मर्यादा संपत आली की दुसरीकडे हलवलं जातं, डोळ्यांची तपासणी तिसरीकडे. सहाव्या महिन्यात आई माहेरी जाते, चार महिने तिकडच्या डॉक्टरांचं चालतं. परत येते. मग कंपनीचं कंत्राट संपतं, फॅमिली व्हिसा कॅन्सल होतो आणि कुटुंब महिन्याभरात गाशा गुंडाळून परत. मुंबईपर्यंतचं विमान चार तासांच्या आतबाहेर, पण मुलाचा इतिहास वाटेत सांडतो. नव्या शाळेत प्रवेश अर्जावर जन्मतारीख विचारतात, आठवडे कुणी विचारत नाही. इथल्या सीपीआर या ओळखपत्रावरही जन्मतारीखच असते.

बहारिनी कुटुंबांचं तसं नसतं. मुहर्रकमधली एक जुळी भावंडं मी रांगायच्या आधीपासून बघते आहे. आता ती वरच्या वर्गात आहेत. त्यांची आजी, मावशा, आत्या सगळ्या दोन गल्ल्यांच्या अंतरात. कोण कधी चाललं, कोणाला चष्मा कधी लागला, सगळं घरात कुणाला ना कुणाला पाठ असतं. एक भाऊ अभ्यासात पुढे, दुसऱ्याला वाचन जड जातं, आणि दोघांचंही आम्हाला वेळेवर कळलं, कारण ती इथेच होती. मूल एका जागी राहिलं तर इतकं सगळं वेळेवर कळतं, हे मला त्या घरानं शिकवलं.

मोठ्या प्रमाणावर हेच काम पुण्यात केईएम रुग्णालयात झालं, आणि मराठी माणसाला ते फारसं माहीत नाही याची मला खंत आहे. डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात तिथल्या एनआयसीयूमधून घरी गेलेली, दोन किलोपेक्षा कमी वजनाची बाळं पुढे वर्षानुवर्षं बोलावली, तपासली. बाराव्या वर्षी त्यांनी जे मांडलं ते असं : या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक नव्वदच्या आसपास, म्हणजे सर्वसाधारण मर्यादेतच, पण पुरेशा वजनाच्या सोबत्यांचा सत्त्याण्णवच्या आसपास. जी लवकर जन्मली आणि त्यातही पोटात खुरटली, ती सगळ्यांत मागे. आणि अडचण कुठे? डोळा आणि हात यांचा मेळ घालण्यात, वाचनात, गणितात. पुढे अठराव्या वर्षापर्यंत त्यांनी हा माग सोडला नाही. स्थलांतर, नोकऱ्या, लग्नं, बदललेले पत्ते यांतून इतकी वर्षं एकाच मुलांना परत परत बोलावणं किती चिकाटीचं काम आहे, हे मी रोज फोन लावून न लागणाऱ्या नंबरांवरून सांगू शकते. मी हे अहवाल वाचले तेव्हा माझ्या टेबलावरच्या चौकटीच्या वह्यांकडे बघायची माझी नजर बदलली. इंग्लंड-अमेरिकेतल्या अभ्यासांबद्दल "तिकडचं वेगळं असतं" असं म्हणून झटकणारे वडील पुण्याचं नाव काढलं की ऐकून घेतात.

शाळाप्रवेशाची तारीख हा एक मोठाच झगडा असतो. इथल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. एक मुलगी, दिलेली तारीख जूनच्या मध्यावरची, जन्मली मार्चच्या अखेरीस. पोटात पूर्ण दिवस राहिली असती तर ती पुढच्या वर्षाच्या तुकडीत गेली असती. आता वर्गात ती सगळ्यांत लहान, आणि खरं वय धरलं तर त्याहून लहान. आईचं म्हणणं, एक वर्ष थांबू. वडिलांचं म्हणणं, वर्ष वाया का घालवायचं, आणि उद्या भारतात परत जायचं झालं तर? दोघंही माझ्यासमोर बसून वेगवेगळ्या भिंतींकडे बघत होते.

मी कुणाचीच बाजू घेतली नाही, आणि ते मुद्दाम. नुसतं वर्ष थांबवून हे प्रश्न सुटतात असा पुरावा नाही. जर्मनीतल्या बव्हेरियातल्या मुलांवरच्या अभ्यासात उशिरा शाळेत घातल्याचा अभ्यासात फायदा दिसला नाही. वर्षभर घरी बसलेल्या मुलाला त्या वर्षात मिळायला हवं ते शिक्षण मिळत नाही, हेही त्यात आलं. माझं मत असं की तारखेपेक्षा बाईंना माहीत असणं महत्त्वाचं. ब्रिटनमध्ये शिक्षकांची पाहणी झाली तेव्हा दिसलं की लवकर जन्माचे पुढे काय परिणाम होतात याची त्यांना फार कमी माहिती असते. मग लेस्टरच्या सामंथा जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांसाठी इंटरनेटवरचा छोटा अभ्यासक्रमच तयार केला. आपल्याकडे बीएड, डीएडच्या वर्गांत हा धडा यायला हवा. वर्गात बसलेल्या दर चाळीस मुलांत चार-पाच जण लवकर जन्मलेले असण्याची शक्यता आहे. २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं ३७ आठवड्यांआधी जन्मली आणि त्यांतली ३० लाखांवर भारतात, कुठल्याही देशापेक्षा जास्त. ही मुलं आता शाळेच्या दारात उभी आहेत.

त्या मुलीला शेवटी वेळेवरच शाळेत घातलं. वर्गशिक्षिकेला आईनं पहिल्या आठवड्यात एक पान दिलं. त्यात निदानं नव्हती. मागे बसवू नका, एका वेळी एकच सूचना द्या, कात्रीचं काम तिला जड जातं, ती गप्प असली तर समजलं असं धरू नका, एवढंच होतं.

इथे भाषेबद्दल थोडं बोलायलाच हवं. मूल उशिरा बोलतंय म्हटलं की कुणीतरी सल्ला देतं, घरी फक्त इंग्रजी बोला. मग मराठी आई, जिला इंग्रजीत रागावता येतं पण लाड करता येत नाहीत, ती मुलाशी तुटक वाक्यांत बोलायला लागते. दोन-तीन भाषांत वाढल्यानं वाचेचा दोष होत नाही, हे आता पुरेसं स्पष्ट आहे. लवकर जन्मलेल्या बाळाला तर भरभरून, आगेमागे बोलणारी, गाणी म्हणणारी आई हवी. ती ज्या भाषेत तशी आहे, त्या भाषेत बोलावं. इमारतीच्या जिन्यात मल्याळम, दुकानात अरबी, शाळेत इंग्रजी आणि रात्री उशाशी मराठी, अशी वाढलेली कितीतरी मुलं माझ्यासमोर आहेत.

आईच्या मनातलं ओझं हा वेगळाच भाग. तपासणी संपली, वडील गाडी काढायला गेले, की ती हळूच विचारते, "ताई, मी त्या महिन्यात जिने चढले होते म्हणून तर नाही?" बीपी वाढतं, संसर्ग होतो, जुळी असतात, आणि कितीदा तर कारण सापडतच नाही. जिने चढल्यानं झालं नाही, हे मी तिच्या हातावर हात ठेवून सांगते. वडील परत आल्यावर त्यांच्यासमोर पुन्हा सांगते, कारण त्या घरात कुणीतरी कधीतरी ते वाक्य बोललेलं असतं.

भवितव्याची भीती वाटणाऱ्यांना मी डॉ. सरोज सैगल यांच्याबद्दल सांगते. मूळच्या भारतीय, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या नवजात शिशुतज्ज्ञ. १९७७ ते १९८२ मध्ये किलोपेक्षा कमी वजनाची जन्मलेली बाळं त्यांनी मोठी होईपर्यंत पाहिली. त्यांना विचारलं, तुमचं आयुष्य तुम्हाला कसं वाटतं? त्या तरुणांनी आपल्या आयुष्याला दिलेली किंमत पूर्ण दिवसांच्या सोबत्यांइतकीच होती. आणि अपंगत्वासह जगणं कसं असेल असं डॉक्टर-नर्सना विचारल्यावर त्यांनी जे चित्र रंगवलं, ते आईबापांनी आणि खुद्द मुलांनी रंगवलेल्या चित्रापेक्षा काळं होतं. आम्ही उपचार करणारी माणसं मुलाकडे बघताना काय उणं आहे ते आधी बघतो. अहवाल लिहिताना त्याला काय येतं ते पहिल्या परिच्छेदात लिहायची सवय मी त्यावरून लावून घेतली.

१७ नोव्हेंबरला अकाली जन्मलेल्या बाळांचा जागतिक दिन असतो. जांभळे दिवे लागतात, भिंतींवर मुठीएवढ्या पायांचे फोटो लागतात. मला तिथे चौथीतल्या मुलांचेही फोटो हवे असतात, वह्यांसकट.

गेल्या उन्हाळ्यात एका कुटुंबाला नाशिकला परतावं लागलं. वडिलांची नोकरी गेली होती आणि हातात फार दिवस नव्हते. मुलगी चौथीत, सत्तावीस आठवड्यांची. मी आणि तिच्या आईनं बसून फाइल लावली. एनआयसीयूचा सारांश, डोक्याच्या सोनोग्राफी, डोळ्यांच्या तपासण्या, कानांचा अहवाल, माझे वर्षावर्षाचे अहवाल, आणि सगळ्यांत वर शिक्षकांसाठी मराठीत एक पान. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत जी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचं बघतात, हेही लिहून दिलं. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे, पुढे परीक्षेत सवलत लागली तर कुठल्या प्रमाणपत्राची मागणी करायची, तेही.

दोन महिन्यांनी तिचा व्हॉट्सॲपवर आवाज आला. नव्या शाळेत बाईंनी विचारलं होतं, मुलगी मंद आहे का? "ताई, सगळी फाइल दाखवू का त्यांना? ती बघून घाबरतील." मी म्हटलं, आधी फक्त ते एक पान द्या, आणि सोबत तिची तिसरीची वही द्या, पहिलं पान आणि शेवटचं पान उघडून. बाकीचं त्यांनी मागितलं तर. बाईंनी मागितलं नाही, पण मुलीला पहिल्या बाकावर घेतलं आणि गणिताची उदाहरणं आता तिला छापून मिळतात. भूगोलाचा नकाशा भरणं अजून जमत नाही. तिच्या आईनं त्याचे फोटो पाठवलेत. नाशिकमध्ये तिला बघणाऱ्या थेरपिस्टशी येत्या बुधवारी माझं बोलणं आहे, तेव्हा आम्ही दोघी मिळून ते पाहणार आहोत.